घराचा जीर्णोद्धार

नाताळची चांदणी दारावरून उतरवली की मागे एक खिळा उरतो. झिरमिळ्या चिकटवलेल्या जागी टेपबरोबर रंगाचा पोपडा निघून येतो आणि दिव्यांच्या माळांमागे झाकलेली भिंत आपली खरी अवस्था दाखवू लागते. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, काम सुरू केले. तेव्हापासून नाताळ हा या जिल्ह्याचाही सण झाला, त्यामुळे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली ही ओकीबोकी भिंत इथल्या पुष्कळ घरांच्या ओळखीची आहे. शेजारच्या हिंदू घरात मार्गशीर्षातले गुरुवार बहुधा आटोपलेले असतात, घट उतरलेला असतो आणि संक्रांत तोंडावर आलेली असते. दोन सणांच्या मधल्या या दिवसांत घर दमल्यासारखे दिसते आणि माणसाला वाटते, काहीतरी नवे करावे. पडदे बदलावेत, एखादी भिंत रंगवावी, जुना सोफा काढून टाकावा. दुकाने नेमक्या याच दिवसांत सेलचे फलक लावतात. पैसा मात्र डिसेंबरातच संपलेला असतो, म्हणून प्रश्न बहुधा खर्चाचाच होऊन बसतो: कमीत कमी पैशात घर ताजे कसे दिसेल? मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. घर ताजे करण्याची ही ओढ धर्माच्या कसोटीवर काय ठरते? ती आसक्ती आहे की उपासना?

परंपरेने याची दोन उत्तरे तयार ठेवली आहेत. पहिले वैराग्याचे: घर म्हणजे चार दिवसांची धर्मशाळा, तिला नटवण्यात आयुष्य घालवू नये. दुसरे दिवाळीच्या आधी घरोघरी ऐकू येते: स्वच्छ, सजलेल्या घरात लक्ष्मी येते. पहिल्या उत्तरात घराची किंमत शून्य होते. दुसऱ्यात ती किंमत उरते, पण झाडू मारणे हा देवीशी केलेला सौदा होतो. या दोन्हींपेक्षा खोल जाणारा एक शब्द आपल्याच धर्मव्यवहारात आहे, तो आपण फक्त देवळांपुरता वापरतो. तो शब्द जीर्णोद्धार. घराचे ताजेपण जीर्णोद्धाराच्या जातीचे आहे आणि म्हणून कमी खर्चात, आहे त्याच वस्तूंतून घर नवे करणे ही तडजोड नसून तीच धर्माची मुख्य वाट आहे, असे मला मांडायचे आहे.

जिल्ह्याला आज ज्यांचे नाव आहे त्या अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातल्या चोंडीचा. देशभर त्यांची ओळख राहिली ती घाट, विहिरी, धर्मशाळा आणि देवळांच्या जीर्णोद्धारामुळे. काशीत विश्वनाथाचे मंदिर त्यांनी पुन्हा उभे केले, सोमनाथाला पुन्हा पूजेची जागा दिली. स्वतः मात्र महेश्वरच्या साध्या वाड्यात राहिल्या. तिजोरी हाताशी असताना स्वतःच्या नावाचे एखादे अगदी नवे तीर्थ उभारणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी बहुतेक वेळा जे होते, मोडले होते, विसरले गेले होते, त्याला हात घातला. आपल्या परंपरेत जीर्णोद्धाराचे पुण्य नव्या बांधकामाहून मोठे मानतात. कारण उघड आहे. नवे बांधणारा स्वतःपासून सुरुवात करतो, जीर्णोद्धार करणाऱ्याला आधीच्या कुणाच्या तरी कामापुढे मान लववावी लागते. देवळाच्या जीर्णोद्धाराचा विधीही नीट पाहण्यासारखा आहे. मूर्तीतले तत्त्व मंत्रपूर्वक कलशात घेतात, मग गवंडी आणि पाथरवट आपले काम करतात, आणि काम झाल्यावर ते तत्त्व पुन्हा मूर्तीत प्रतिष्ठित करतात. म्हणजे दगड झिजतो हे धर्माला मान्य आहे, तो तासावा लागतो, सांधावा लागतो हेही मान्य आहे. या सगळ्या काळात जे अखंड राहते ते कलशात जपलेले असते. घराच्या बाबतीत तो कलश कोणता, हे ज्याचे त्याने ओळखावे. आजोबांची आरामखुर्ची असेल, देव्हाऱ्यातली समई असेल, स्वयंपाकघरातला पाटा असेल. ती वस्तू बाजूला काढून ठेवायची, भिंतीला चुना द्यायचा आणि ती परत जागेवर आणायची. घर नवे झालेले असते आणि आपलेही राहिलेले असते.

हे नुसते शब्दांचे खेळ वाटत असतील तर या मोसमातली गोधडी जवळून पाहावी. थंडी ओसरू लागते तेव्हा गोधड्या उन्हात पडतात आणि त्यांचे विरलेले भाग दिसतात. जुनी लुगडी, धोतरे, फाटलेल्या चादरी एकावर एक अंथरायच्या, वरून त्यातल्या त्यात धड असलेले लुगडे घालायचे, कडेने टाके घेत आत आत यायचे. साधा धावदोरा, पण तो इतका जवळजवळ घालतात की धुतल्यावर सगळे थर मिळून एकच कापड झाल्यासारखे होते आणि पृष्ठभागावर बारीक सुरकुत्यांची नक्षी उठते. कोपऱ्यात वेगळ्या रंगाचे त्रिकोण बसवायचे, म्हणजे कोपरे झिजत नाहीत आणि शोभाही येते. दोनपाच वर्षांनी वरचे लुगडे विरले की गोधडी टाकून द्यायची नाही, तिच्यावर नवा थर चढवायचा. आत आजीचे लुगडे, त्यावर आईचे, त्यावर मुलीचा शाळेचा फ्रॉक. या कामात खर्च दोऱ्याचा आणि सुईचा. पाहुण्याला पलंगावर नवी गोधडी दिसते, आणि शिवणारीला माहीत असते की त्यात नवे असे काहीच नाही. याच गोधडीला, म्हणजे कंथेला, आपल्या साधुपरंपरेने अंगावर घेतले. बुद्धाच्या भिक्षूंचे चीवर चिंध्यांचे तुकडे जोडून शिवलेले असे. जिल्ह्यातल्या कर्जतचे ग्रामदैवत गोदड महाराज. त्यांच्या नावातच गोधडी ऐकू येते. ज्या वस्तूला बाजारात मोल नाही तिला धर्माने साधूचे वस्त्र केले, हे सहज घडलेले नसावे. चिंधीला चिंधी जोडताना हात जे शिकतात ते नव्या कापडाचे ठाण फाडताना शिकत नाहीत.

आता वैराग्याच्या बाजूने येणारा आक्षेप, आणि तो याच जिल्ह्याच्या सर्वांत मोठ्या तीर्थातून येतो. शिर्डीच्या साईबाबांनी ज्या पडक्या मशिदीत आयुष्य काढले तिची दुरुस्ती करायला ते भक्तांना सहजी परवानगी देत नसत. साईसच्चरितात हा प्रसंग सविस्तर आहे. बाबा चावडीत निजायला गेले की भक्त रात्रीतून खांब पुरत, सकाळी बाबा येऊन ते उपटून टाकत. बसायला तरटाचा तुकडा होता, तो काढून गादी घालायला भक्तांना किती वाट पाहावी लागली! म्हणजे या साधूने आपल्याला सांगितले ते हेच ना, की जागा सजवू नका? मला तसे वाटत नाही, आणि माझा आधार त्याच ग्रंथात आहे. शेवटी गादी आली, फरशी झाली, सभामंडप उभा राहिला. बाबांनी विरोध केला आणि मग होऊ दिले. त्यांचा राग भक्तांच्या उतावीळपणावर होता, जागा नीट करण्यावर नव्हता, असा अर्थ लावायला जागा आहे. शिवाय त्या मशिदीत धुनी अखंड पेटती होती, पणत्या रोज लागत होत्या. त्यासाठी बाबा वाण्यांच्या दारी तेल मागत. जागेकडे पाठ फिरवलेला माणूस रोज संध्याकाळी तेलासाठी फिरत नाही.

याहून बोलकी गोष्ट विटेची आहे. बाबांजवळ एक जुनी वीट होती, तिच्यावर हात टेकून ते बसत, रात्री ती उशाला घेत. १९१८ साली, त्यांच्या समाधीच्या थोडे दिवस आधी, मशीद झाडणाऱ्याने ती उचलली आणि ती हातून निसटून फुटली. बाबांना फार वाईट वाटले असे ग्रंथ सांगतो. ज्याने पैसा ठेवला नाही, घर बांधले नाही, कफनी बदलायची तमा बाळगली नाही, तो एका विटेसाठी हळहळला. वैराग्याचा साचेबंद अर्थ घेणाऱ्यांना हा प्रसंग अडचणीचा वाटेल. मला तो घर आवरणाऱ्यांसाठी फार मोलाचा वाटतो. झाडणे हे काम निर्दोष नाही. जुने ते सगळे केर असे मानून हात चालला की वीट फुटते. आजकाल घर आवरण्याची जी पद्धत सांगितली जाते तिच्यात एक निर्दयपणा आला आहे: वर्षभर वापरले नाही ना, मग टाका. वापर ही एकच कसोटी लावली तर बाबांची वीट पहिल्याच दिवशी बाहेर गेली असती. म्हणून मी आसक्ती आणि जिव्हाळा यांत फरक करतो. आसक्तीला वस्तू वाढवायच्या असतात. जिव्हाळ्याला एकच वस्तू पुरते, आणि ती जुनी असली तर जास्त पुरते.

धर्मशाळेचा युक्तिवाद मात्र अजून उरतो. जे आपले नाही, कायमचे नाही, ते सजवण्यात अर्थ काय? भाड्याच्या खोलीत राहणाराही हेच विचारतो: मालकाच्या भिंतीला मी का रंग देऊ? याचे उत्तर नगरच्या भुईकोट किल्ल्यात मिळते. १९४२च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना पकडून तिथे आणले आणि बहुतेकांना १९४५पर्यंत ठेवले. किती दिवस राहायचे ते त्यांना ठाऊक नव्हते, जागा तर शत्रूचीच होती. नेहरूंनी तिथे बाग केली. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या सुरुवातीलाच त्या मातीचे वर्णन आहे: दगडगोट्यांनी आणि जुन्या बांधकामांच्या राडारोड्याने भरलेली निकस जमीन, ती खणून त्यांनी फुलांचे वाफे केले. त्याच किल्ल्यात मौलाना आझाद ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रे लिहीत होते. त्यांच्या खोलीच्या छतात चिमण्यांनी घरटे मांडले आणि काडीकचऱ्याने खोली घाण होऊ लागली. आधी त्यांनी चिमण्यांना हुसकावून पाहिले, मग हार मानून दाणे टाकायला सुरुवात केली, आणि हळूहळू त्या पाखरांशी दोस्ती झाली. या दोघांनी जे केले ते घर सजवणेच होते आणि मालकीचा त्यात लवलेशही नव्हता. धर्मशाळेत उतरलेल्या वाटसरूनेही निघताना ओटा झाडून जावे, अशी आपल्याकडची रीत होती. तेव्हा घर नश्वर आहे एवढ्यावरून त्याची हेळसांड करावी असे निघत नाही. उलट पुढे तिथे कुणीतरी येणार आहे, म्हणून ते नीट ठेवावे असे निघते. किल्ल्यातली माती खणणाऱ्याला त्या फुलांचा वास किती महिने मिळणार होता?

इथे एक घोटाळा टाळायला हवा. कमी खर्च आणि स्वस्त वस्तू या दोन गोष्टी एकच नव्हेत. संक्रांतीचे वाण हे त्याचे रोजचे उदाहरण. सुगडात बोरे, उसाची कांडे, हरभऱ्याचे घाटे, गाजर, गव्हाच्या ओंब्या आणि तिळगूळ घालून सुवासिनींना द्यायचे. त्या आठवड्यात रानात जे पिकलेले असते तेच. खाऊन संपते, मागे मातीचे भांडे उरते, ते फुटले तर मातीत जाते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणाऱ्या हळदीकुंकवात आता प्लॅस्टिकचे डबे, गाळण्या, चमचे ठेवायचे स्टँड लुटले जातात. एकेक वस्तू दहावीस रुपयांची, म्हणून कुणाला जड जात नाही. पण महिन्याच्या शेवटी घरात दहा गाळण्या होतात. ज्या सणाने घर मोकळे करायचे त्याने ते भरून टाकले. स्वस्त वस्तूंनी घर ताजे होत नाही, ते तुंबते. ताजेपणाला लागते ते ऊन, पाणी, चुना आणि अंगमेहनत. कळीचा चुना रात्रभर भिजवून, वस्त्रगाळ करून, त्यात थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घालून कुंच्याने दोन हात दिले की खोलीचा प्रकाशच बदलतो, आणि त्याच्या उग्रपणाने भिंतीतली बुरशी नि किडेही जातात. ज्यांच्या भिंती ऑइलपेंटच्या आहेत त्यांना चुना चालणार नाही. त्यांनी साबणाच्या पाण्याने भिंत पुसली तरी तिचा विसरलेला रंग वर येतो. सगळेच दुरुस्त करत बसलो तर कारागिरांनी खावे काय, असेही कुणी म्हणेल. कल्हईवाला, गादीचा कापूस पिंजणारा पिंजारी, खुर्चीचा पाय बसवणारा सुतार, पडद्याला पट्टी जोडणारा शिंपी हे सगळे दुरुस्तीवरच जगत आले. नव्या वस्तूच्या खरेदीने त्यांचा धंदा बुडवला.

सर्वांत जड आक्षेप मी शेवटी ठेवला आहे, कारण त्याला पुरते उत्तर माझ्याजवळ नाही. हे सगळे करणार कोण? चुना भिजवणारे, गोधडी शिवणारे, सडा घालणारे हात शतकानुशतके बाईचे राहिले आहेत. पैसा वाचतो म्हणतो तेव्हा तो कुणाच्या तरी न मोजलेल्या कष्टातून वाचतो. आणि त्या कष्टांना धर्माचे नाव दिले की बाईला नाही म्हणायची सोयही उरत नाही. हे खरे आहे. शनिशिंगणापूरची घरे परंपरेने दारांवाचून असतात, नुसती चौकट आणि उंबरठा. तो उंबरठा रोज सारवणारी, त्याच्यापुढे रांगोळी घालणारी बाईच. त्याच गावात शनीच्या चौथऱ्यावर तिला पाय ठेवू देत नव्हते. आंदोलन झाले, मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट शब्दांत सुनावले, तेव्हा ८ एप्रिल २०१६ला तो चौथरा तिला खुला झाला. घराची पवित्रता तिने राखायची आणि देवाच्या पवित्रतेपासून तिने दूर राहायचे, हा अन्याय माझ्या युक्तिवादाला आतून पोखरतो. म्हणून मी त्याला एक अट जोडतो: जीर्णोद्धार उपासना असेल तर त्यात घरातल्या प्रत्येकाचा हात लागला पाहिजे. उपासना दुसऱ्याकडून करून घेता येत नाही. गाडगेबाबांनी हे प्रत्यक्ष करून दाखवले. गावात आले की पहिल्यांदा हातात खराटा घ्यायचे, रस्ते झाडायचे, आणि रात्री त्याच अंगाने कीर्तनाला उभे राहायचे. कीर्तन करणाऱ्याला झाडणे कमीपणाचे वाटले नाही, तर घरातल्या पुरुषाला ते का वाटावे? ज्या घरात आई एकटी शिडीवर चढून जळमटे काढते आणि बाकीचे खाली बसून भिंत छान झाली म्हणतात, त्या घराचा जीर्णोद्धार झाला असे मी म्हणणार नाही.

नाताळच्या सणाच्या शेवटाकडे पुन्हा एकदा वळतो. ६ जानेवारीला, पूर्वेचे ज्ञानी बाळ येशूच्या भेटीला आले त्या स्मरणाच्या दिवशी, युरोपातल्या जर्मन आणि पोलिश कॅथलिक घरांत आशीर्वादित खडूने दाराच्या चौकटीवर नव्या वर्षाचे आकडे आणि मध्ये तीन अक्षरे लिहितात. एवढ्याने घर नव्या वर्षात शिरते. ख्रिस्ती दारावरचा खडू आणि आपल्या उंबऱ्यापुढची रांगोळी, दोन्ही पांढरी भुकटी, दोन्हींची किंमत पैशाच्या आसपास, दोन्ही पुसल्या जाणाऱ्या. एकमेकांना न विचारता दोन धर्म याच टोकाला येऊन पोचले. दोघांनीही घर नवे करायला टिकाऊ वस्तू निवडली नाही, पुन्हा करावी लागेल अशी निवडली. संगमरवर एकदा बसवला की माणूस त्याच्याकडे पाहायचे थांबतो. रांगोळी रोज विचारते, आज आहेस ना?

माझ्या म्हणण्याला एक मर्यादा आहे, ती लपवत नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतली कितीतरी कुटुंबे या दिवसांत घरी नसतात. दसऱ्यादिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघालेली, कारखान्याच्या आवारात नाहीतर फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्यांत राहणारी. नाताळ, संक्रांत, रथसप्तमी सगळे तिथेच जाते. घर ताजे करण्याच्या गप्पा त्यांच्यापुढे मारण्याआधी त्यांच्या मजुरीचा, पाण्याचा, मुलांच्या शाळेचा हिशेब द्यायला हवा, आणि तो धर्माच्याही अंगावर येतो. जे वर्षातला अर्धा काळ घराबाहेर काढतात त्यांच्या वतीने गरिबीचे गोडवे गाण्याचा अधिकार कुणालाच नाही. तरी त्यांच्या परतीचा दिवस मला या सगळ्या चर्चेत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गळीत संपते, गाड्या गावाकडे वळतात. पाच महिने बंद असलेले कुलूप उघडते. आत धूळ असते, कोळ्यांची जाळी असतात, कोपऱ्यात उंदरांनी उकरलेली माती असते. आधी घर झाडून निघते, मग जमीन सारवली जाते. सारवण वाळेपर्यंत पेटी उघडून ठेवणीतले एक लुगडे बाहेर येते, वळचणीची काठी धुतली जाते, तांब्या चिंचेने घासून लख्ख होतो, आणि बांधावरच्या कडुनिंबाची डहाळी तोडून आणायला पोरगा पळतो. दुकानातून आणायची ती फक्त साखरेची गाठी.